शोमरोन्याच्या नावाची शाळा : डॉ. फ्रीडरिश फॉन एस्मार्ख यांचे जीवनकार्य

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका प्रवाशाला मारझोड करून अर्धमेल्या अवस्थेत टाकून दिले. याजक आला आणि बाजूने निघून गेला. लेवी आला, तोही तसाच गेला. शोमरोनी मात्र थांबला. प्रवचनांतून आपण बहुधा त्याच्या थांबण्याविषयी बोलतो. थांबल्यावर त्याने काय केले, याकडे आपले लक्ष त्या मानाने कमी जाते. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, त्याची काळजी घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याला उतारशाळेच्या मालकाच्या हाती सोपवून तो पुढे गेला. जखम झाकणे, जखमी माणसाला सुरक्षितपणे हलवणे आणि योग्य व्यक्तीच्या स्वाधीन करणे, हाच क्रम प्रथमोपचाराच्या वर्गात आजही शिकवला जातो.

जखम बांधायला त्या शोमरोन्याला कोणी शिकवले होते, हे दाखल्यात सांगितलेले नाही. एकोणिसाव्या शतकात एका जर्मन शल्यविशारदाने मात्र ते सर्वसामान्यांना शिकवण्यासाठी शाळा काढली आणि तिला शोमरोन्याचेच नाव दिले. त्यांचे नाव योहानेस फ्रीडरिश आउगुस्ट फॉन एस्मार्ख. आज आपल्या घरी, शाळेत किंवा कारखान्यात प्रथमोपचाराची पेटी असते, त्या पेटीत एक त्रिकोणी कापड घडी करून ठेवलेले असते. त्या कापडामागे या माणसाच्या आयुष्यभराचा अनुभव आहे.

बालपण आणि शिक्षण

एस्मार्ख यांचा जन्म ९ जानेवारी १८२३ रोजी उत्तर समुद्राजवळच्या टोनिंग या गावी झाला. हा श्लेस्विग प्रांत त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. तेथील जर्मन भाषिकांच्या मनात मात्र स्वातंत्र्याची ओढ वाढत होती. वडील डॉक्टर होते. कील आणि गॉटिंगेन येथील विद्यापीठांत फ्रीडरिश यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले. १८४६ साली कील येथील शल्यरुग्णालयात ते बर्नहार्ड लांगेनबेक या नामवंत शल्यविशारदांचे साहाय्यक झाले.

तरुण डॉक्टरला शांतपणे अनुभव घेता यावा असा तो काळ नव्हता. १८४८ साली श्लेस्विग-होल्स्टाइनने डेन्मार्कविरुद्ध उठाव केला आणि पंचविशीतले एस्मार्ख त्या युद्धात उतरले. ते डॅनिश सैन्याच्या हाती सापडले, कैदेत राहिले आणि पुढे कैद्यांच्या अदलाबदलीत सुटले. सुटका झाल्यावर त्यांच्याकडे रणांगणाजवळच्या रुग्णालयाचे काम आले. येथे त्यांना लुई स्ट्रोमायर हे दुसरे थोर गुरू लाभले. बंदुकीच्या गोळीने हाड फुटले की हात किंवा पाय कापून टाकायचा, हा त्या काळचा रिवाज होता. स्ट्रोमायर आणि त्यांच्या साहाय्यकांनी शक्य तेथे फक्त फुटलेला हाडाचा भाग काढून अवयव वाचवण्याचा प्रयत्न केला. या अनुभवावर एस्मार्ख यांनी १८५१ साली ग्रंथ लिहिला. १८५४ साली ते कील येथील शल्यचिकित्सालयाचे संचालक झाले, त्याच वर्षी स्ट्रोमायर यांच्या कन्या आन्ना यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १८५७ साली ते विद्यापीठात प्राध्यापक झाले.

रणांगणाने शिकवलेला धडा

एस्मार्ख यांच्या वाट्याला एकामागून एक युद्धे आली. १८६४ साली प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी डेन्मार्कशी युद्ध केले, तेव्हा फ्लेन्सबुर्ग, सुंडेविट आणि कील येथील युद्धरुग्णालयांत त्यांनी सेवा केली. १८६६ च्या युद्धाच्या वेळी बर्लिनमधील रुग्णालयांतील शल्यचिकित्सेची देखरेख त्यांच्यावर सोपवण्यात आली. १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात ते सैन्याचे वरिष्ठ शल्यविशारद होते. त्याच १८७० साली त्यांच्या पत्नी आन्ना निवर्तल्या.

युरोपात याच सुमारास युद्धातील जखमींचा प्रश्न ऐरणीवर आला होता. २४ जून १८५९ रोजी इटलीतील सोल्फेरिनोची लढाई झाली. हजारो जखमी सैनिक उपचारांविना तळमळत असताना जवळच्या कास्तिल्योने गावातील स्त्रिया कोणाचा गणवेश कोणता, हे न पाहता त्यांना पाणी पाजत आणि त्यांच्या जखमा बांधत होत्या. आँरी द्युनाँ या स्विस गृहस्थांनी ते दृश्य पाहिले, त्यावर १८६२ साली पुस्तक लिहिले आणि त्यातून रेड क्रॉसची चळवळ जन्माला आली. १८६४ साली पहिला जिनिव्हा करार झाला.

द्युनाँ यांनी जगाच्या सद्विवेकाला हाक दिली. एस्मार्ख यांनी त्याच प्रश्नाकडे शल्यविशारदाच्या दृष्टीने पाहिले. जखमी सैनिक डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोहोचायला कित्येक तास लागत. त्या तासांत त्याच्याजवळ असे तो त्याचा सोबती. त्याची मदत करण्याची इच्छा असे, पण हातांना काम माहीत नसे. मळक्या बोटांनी जखम चाचपली जाई, हाती येईल ती चिंधी तीवर बांधली जाई, मोडलेला पाय आधार न देताच उचलला जाई. साध्या मोडलेल्या हाडाचे टोक अशा हिसक्याने कातडी फोडून बाहेर येई आणि जो माणूस काही आठवड्यांत चालू लागला असता त्याचा पाय, कधी प्राणही जाई. जखमेचे पुढे काय होणार, हे पहिल्या हातावर बरेचसे अवलंबून असते, ही गोष्ट एस्मार्ख यांच्या मनात पक्की झाली.

त्रिकोणी कापड

१८६९ साली त्यांनी रणांगणावरील पहिल्या पट्टीविषयी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. प्रत्येक सैनिकाजवळ पट्टीचे एक लहानसे पुडके असावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी निवडलेले मुख्य साधन होते एक त्रिकोणी कापड. चौकोनी कापड एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कापले की दोन त्रिकोण तयार होतात. लोझानचे शल्यविशारद मातियास मायोर यांनी १८३० च्या दशकात अशा रुमालांचा पुरस्कार केला होता. एस्मार्ख यांनी ती कल्पना पुढे नेली आणि त्या कापडावरच चित्रे छापून घेतली. त्या चित्रांतील जखमी सैनिकांच्या डोक्याला, खांद्याला, हाताला, गुडघ्याला आणि पावलाला तेच कापड निरनिराळ्या प्रकारे बांधलेले दिसे. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही चित्र पाहून पट्टी बांधता यावी, अशी ही सोय होती.

हे कापड उलगडले की गळ्यात अडकवून दुखऱ्या हाताची झोळी होते. घडी घालत गेले की रुंद पट्टी होते, आणखी घडी घातली की अरुंद. कामट्या जागच्या जागी बांधायला ते चालते, मुरगळलेल्या घोट्याला आधार द्यायलाही चालते. घरात ते नसेल तर ओढणी किंवा उपरणे हेच काम करते. महागडे साधन सामान्यांच्या हाती वेळेवर पोहोचत नाही; कापड मात्र कोठेही मिळते.

शल्यशास्त्राच्या इतिहासात एस्मार्ख यांचे नाव आणखी एका शोधासाठी घेतले जाते. १८७३ साली त्यांनी हातापायावरील शस्त्रक्रियेत रक्तस्राव टाळण्याची पद्धत मांडली. बोटांकडून वरच्या दिशेने रबरी पट्टी घट्ट गुंडाळत जाऊन अवयवातील रक्त वर सारायचे, वरच्या टोकाला बंध आवळायचा आणि मग पट्टी सोडून शस्त्रक्रिया करायची. ती पट्टी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. युद्धशल्यचिकित्सेवरील त्यांच्या सचित्र ग्रंथाला सम्राज्ञी आउगुस्टा यांनी जाहीर केलेले पारितोषिक मिळाले. १८७२ साली श्लेस्विग-होल्स्टाइनच्या राजघराण्यातील हेनरिएटे यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. मान, पद, राजघराण्याशी नाते, सारे काही त्यांना मिळाले होते. पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकाने एवढ्यावर समाधान मानले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती.

लंडनमधील वर्ग

१८८१ च्या ऑगस्ट महिन्यात लंडन येथे आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली. पाश्चर, कॉख, लिस्टर अशी मोठी मंडळी तेथे होती. एस्मार्ख यांचे लक्ष मात्र सेंट जॉन ॲम्ब्युलन्स संघटनेच्या वर्गांनी वेधून घेतले. ही संघटना १८७७ साली स्थापन झाली होती. पुढच्याच वर्षी लंडनच्या वुलिच भागात सैन्यातील डॉक्टर पीटर शेफर्ड आणि कर्नल फ्रान्सिस डंकन यांनी सामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग सुरू केले. डॉ. शेफर्ड यांना या कामाचा विस्तार पाहता आला नाही. २२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील इसांडल्वानाच्या लढाईत सैन्य माघार घेत असताना एका जखमी शिपायाजवळ ते थांबले आणि तेथेच मारले गेले. त्यांनी लावलेले रोप मात्र वाढले. पोलीस, रेल्वेचे कर्मचारी, खाणकामगार या वर्गांना येऊ लागले.

रणांगणावर जे सैनिकाला शिकवायचे, ते गावातल्या माणसालाही शिकवले पाहिजे, हे एस्मार्ख यांनी येथे पाहिले. युद्ध काही वर्षांनी येते. गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या रुळांवर आणि स्वयंपाकघरात माणसे रोज जखमी होतात.

कील येथील शोमरोनी शाळा

कीलला परतल्यावर १८८१-८२ च्या हिवाळ्यात त्यांनी सर्वसामान्य नागरिकांसाठी व्याख्यानमाला सुरू केली. या वर्गांना त्यांनी शोमरोनी शाळा असे नाव दिले आणि १८८२ साली कील येथे शोमरोनी संघाची स्थापना केली. त्यांनी निवडलेल्या नावात एक अर्थ दडलेला आहे. दाखल्यातील शोमरोनी वैद्य नव्हता. तो वाटसरू होता, परका होता आणि त्याच्या हाताशी जे होते तेच त्याने वापरले.

पाच व्याख्यानांचा हा अभ्यासक्रम होता. आधी शरीराची रचना आणि अवयवांचे कार्य सोप्या भाषेत सांगितले जाई. त्यानंतर जखमा, रक्तस्राव, मोडलेली हाडे, निखळलेले सांधे, मुरगळणे, भाजणे, शुद्ध हरपणे, बुडणे आणि विषबाधा हे विषय येत. शेवटी जखमी माणसाला कसे उचलावे व न्यावे, हे समजावले जाई. ऐकणाऱ्यांनी एकमेकांना पट्ट्या बांधून सराव करायचा असे. ही व्याख्याने १८८२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरिया यांच्या कन्या हेलेना या नात्याने हेनरिएटे यांच्या भावजय. त्यांनी स्वतः या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला. पुढे अनेक भाषांत ते गेले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

विरोध आणि मर्यादा

या शाळेला सर्वांनी आशीर्वाद दिले असे नाही. विरोध झाला तो डॉक्टरांच्याच वर्तुळातून. पाच व्याख्याने ऐकून लोक स्वतःला वैद्य समजू लागतील, गावोगावी भोंदू उपचार करणारे निर्माण होतील, अशी भीती व्यक्त झाली. ही भीती अगदीच निराधार नव्हती. अर्धवट ज्ञानाने केलेली मदत घातक ठरते, हे एस्मार्ख यांनी युद्धात स्वतः पाहिले होते. म्हणूनच त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना मर्यादा स्पष्टपणे आखून दिली. शोमरोन्याचे काम डॉक्टर येईपर्यंतचे. काय करावे याच्या बरोबरीने काय करू नये, हेही त्याला ठाऊक असले पाहिजे. जखमेत बोट घालू नये, मोडलेले हाड आधार दिल्याशिवाय हलवू नये, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नये आणि डॉक्टर आले की बाजूला व्हावे.

दाखल्यातील शोमरोन्यानेही हेच केले होते. त्याने जखमी माणसाला आपल्यापाशी अडकवून ठेवले नाही. ज्याच्याकडे जागा आणि साधने होती त्याच्या हाती त्याला सोपवले. आपल्या मदतीला मर्यादा आहे हे मान्य करणे, हाही सेवेतील नम्रतेचा भाग आहे.

कामगारांनी हे काम आपलेसे केले. १८८८ साली बर्लिनमधील सहा सुतारांनी पुढाकार घेऊन कामगारांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग भरवला. बांधकामावरील अपघातांत सोबत्यांना जखमी होताना त्यांनी पाहिले होते. त्यातून उभा राहिलेला कामगार शोमरोनी संघ जर्मनीत आजही कार्यरत आहे.

१८८७ साली एस्मार्ख यांना सरदारपद मिळाले आणि त्यांच्या नावात फॉन हा शब्द आला. त्यांचे पुत्र एर्विन यांनी आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नाव मिळवले. २३ फेब्रुवारी १९०८ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, फ्रीडरिश फॉन एस्मार्ख यांनी कील येथे देह ठेवला.

आज आपल्यासाठी

एस्मार्ख यांच्या काळातील सर्वच उपचार आज तसेच्या तसे चालत नाहीत. त्या काळी भाजलेल्या जागी तेल लावण्याची पद्धत सर्वत्र होती. आज ती चुकीची मानली जाते. भाजलेला भाग लगेच थंड, वाहत्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा, अंगठ्या व बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात आणि नंतर स्वच्छ कापडाने सैलसर झाकावे. तूप, हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. घोळणा फुटला तर मुलाला मान मागे टाकायला सांगण्याची आपली जुनी सवय आहे. त्यामुळे रक्त घशात उतरते. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटे सलग चिमटीत धरावा. साधी जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. घोटा मुरगळला तर चोळू नये; विश्रांती द्यावी, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरावा आणि पाय उंचावर ठेवावा. घेरी आलेल्याला आडवे करावे, पाय थोडे उचलावेत, भोवतालची गर्दी हटवावी. कुत्रा चावला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता लसीसाठी दवाखाना गाठावा. श्वास घ्यायला त्रास, छातीत दुखणे, न थांबणारे रक्त किंवा शुद्ध हरपणे अशी लक्षणे दिसली की घरगुती उपचारांत वेळ न दवडता १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागवावी.

या गोष्टी वाचून कळतात, पण हातात येतात त्या सरावाने. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि १९२० साली स्थापन झालेली भारतीय रेड क्रॉस सोसायटी आपल्या देशातही प्रथमोपचाराचे शिक्षण देतात. आपल्या धर्मग्रामांत शेकडो माणसे मिस्सासाठी, नोव्हेनासाठी, सणासाठी एकत्र येतात. सप्टेंबरमध्ये बांद्र्याला मोतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांत वृद्ध असतात, लहान मुलेही असतात. चर्चच्या आवारात सर्वांना ठाऊक असलेल्या जागी प्रथमोपचाराची पेटी आहे का, तिच्यातील औषधांची मुदत कोणी तपासतो का, आणि ती उघडून वापरू शकतील असे चारजण प्रत्येक समूहात आहेत का, हे धर्मग्राम समितीने आणि युवकांनी एकदा पाहावे.

रस्त्यावरील अपघातात मदत करायला आपण कचरतो त्यामागे पोलीस आणि कोर्टकचेरीची भीती असते. त्याबाबतही आता आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदतनिसांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १३४अ आले आणि सद्भावनेने तातडीची मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण मिळाले. या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात अशा मदतनिसासाठी वापरलेले नाव आहे दयाळू शोमरोनी.

वाचकहो, याजक आणि लेवी का थांबले नाहीत, हे आपल्याला सांगितलेले नाही. कदाचित त्यांना दया आली नसेल. कदाचित आली असेल, पण काय करावे हे त्यांना सुचले नसेल. आपल्यापैकी अनेकजण या दुसऱ्या कारणाने रस्त्याच्या कडेला उभे राहतात. एस्मार्ख यांनी आपल्या आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे ही अडचण दूर करण्यासाठी दिली. शेजाऱ्यावर प्रीती करावी हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. त्याची जखम कशी बांधावी हे शिकायला एखाद्या रविवारची दुपार पुरेशी आहे. येत्या महिन्यात ती दुपार आपण काढूया.